कंपनीचा ईसीयू की आफ्टरमार्केट? ‘आपोआप जुळवून घेतो’ हे आधी डोक्यातून काढा

गाडीचा कार्ब्युरेटर काढून पेट्रोलचं इंजेक्शन बसवायचं तर ईसीयू लागतो: इंजेक्टर आणि ठिणगी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. हा विषय निघाला की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: “कुठल्याही एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचा ईसीयू टाक, ऑक्सिजन सेन्सर आहे ना, तो आपोआप जुळवून घेतो.” दुसरा: “आफ्टरमार्केट, म्हणजे कुठल्याही इंजिनाला चालणारा बाजारातला डबा, घे, आकडे स्वतः सुधारणारा ऑटोट्यून लावून चार चकरा मार, झालं काम.” सल्ले देणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण चूक दोघांची एकच. दोघांनाही वाटतं, इंजिनाला किती पेट्रोल लागतं हे डबा स्वतः शोधून काढतो. डबा काहीही शोधत नाही. तो तक्त्यात बघतो आणि तिथे जो आकडा असेल तो लावतो.

जेट आणि चोक ज्यांना पाठ आहेत त्यांना बाकीचं दोन ओळींत कळेल. जेटच्या जागी इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा तक्ता, चोकच्या जागी कूलंटच्या तापमानाचा तक्ता, अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या जागी थ्रॉटल (पाय दिल्यावर उघडणारी हवेची झडप) किती झपाट्याने उघडला त्याचा तक्ता, डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या जागी ठिणगी कधी पाडायची त्या टायमिंगचा तक्ता. डबा कुणाचाही असो, काम हेच.

प्रोसेसर कुणाचा वेगवान, ब्लूटूथ कुणात आहे, या गप्पा सोडून द्या. ‘आफ्टरमार्केटने पॉवर वाढते’ हेही सोडा. पॉवर डब्यात नसते. किमतीची तुलनासुद्धा फसवी आहे, कारण डब्याच्या किमतीइतकाच खर्च वायरिंग, मिश्रण नेमकं मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि ट्यूनिंगच्या तासांवर होतो.

फरक आहे तो तक्ते कुणी भरले याचा. कंपनीच्या ईसीयूत ते भरून येतात. गोठवणाऱ्या थंडीत, ४५ अंशांच्या उन्हात, उंच घाटात इंजिन चालवून बसवलेले हजारो आकडे त्यात असतात. मात्र ते त्याच इंजिनाचे, त्याच इंजेक्टरचे, त्याच थ्रॉटल बॉडीचे आणि वॉल्व्ह उघडणाऱ्या त्याच कॅमचे. हेलटेक, लिंक, मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो यांपैकी कुठलाही आफ्टरमार्केट डबा घ्या, त्यात तक्ते रिकामे असतात, किंवा इंजिन जेमतेम चालू होईल इतपत भरलेले. तो डबा कुठल्याही इंजिनाला चालतो, कारण त्याला कुठल्याच इंजिनाची माहिती नसते.

“मग सेन्सर कशाला असतो?” घोळ होतो तो इथेच, म्हणून जरा थांबू.

एक्झॉस्टमधला साधा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर एकच गोष्ट सांगतो: मिश्रण समतोलाच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही पुरते संपतात त्या प्रमाणाच्या, अलीकडे आहे की पलीकडे. ०.४५ व्होल्टच्या वर असेल तर पेट्रोल जास्त, खाली असेल तर कमी. किती जास्त, किती कमी, हे त्याला सांगता येत नाही. सुमारे ३०० अंश तापेपर्यंत तर तो काहीच सांगत नाही. ईसीयू त्याचं ऐकतो ते गरम इंजिन, स्थिर पाय, आयडलिंग किंवा सरळ रस्त्यावरचा आरामाचा वेग, एवढ्यापुरतं. सेल्फ मारताना, पहिल्या काही मिनिटांत, झटकन थ्रॉटल दिल्यावर आणि फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे ढुंकूनही बघत नाही. फुल थ्रॉटलला लॅम्डा (समतोलात १, पेट्रोल जास्त असेल तर त्याहून कमी) ०.८६ ते ०.८८ लागतो आणि तो मोजणं नॅरोबँडच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे फक्त तक्ता बोलतो.

जिथे ऐकतो तिथेही ईसीयू चुकीमागचं कारण शोधत नाही, फक्त टक्केवारीने वरखाली करतो. ते किती अपुरं पडतं ते एका हिशोबात दिसेल. इंजेक्टरला करंट दिल्या क्षणी सुई उचलली जात नाही. १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद त्यातच जातो; याला डेड टाइम म्हणतात. आयडलिंगला पल्स २.५ मिलिसेकंदांची असेल तर पेट्रोल पडतं ते १.५ मिलिसेकंद. आता तेवढ्याच क्षमतेचे पण दुसऱ्या बनावटीचे इंजेक्टर लावले आणि त्यांचा डेड टाइम १.२ निघाला. आयडलिंगला राहिले १.३, म्हणजे पेट्रोल १३ टक्के कमी. फुल थ्रॉटलला पल्स ८ मिलिसेकंदांची, तिथे ७ चे झाले ६.८, म्हणजे तूट ३ टक्केसुद्धा नाही. चूक एकच, पण खाली मोठी आणि वर नगण्य. ती एका टक्केवारीने कशी मिटणार? आयडलिंगला शिकलेले १३ टक्के काही ईसीयू वरही लावतात, मग वर उलट पेट्रोल जास्त होतं. आणि सकाळी सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टवर येते, डेड टाइम आणखी वाढतो, सेन्सर थंडगार असतो. गाडी सेल्फ खात बसते आणि मालक प्लग बदलत बसतो.

बहुतेक ईसीयूंत ही दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत ताणते. त्यापुढे चेक लाइट लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड दिसतो. मिसिंग असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण जळत नसेल, तर आणखी मजा. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी आहे, ईसीयू आणखी ओततो. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाइप लीक असला तरी हेच.

सगळ्यात महत्त्वाचं: टायमिंग ऑक्सिजन सेन्सरला दिसतच नाही. मारुती जिप्सी किंगचं उदाहरण घ्या. जुनं १.३ लिटर कार्ब्युरेटर इंजिन ८ वॉल्व्हचं, नंतरचं एमपीएफआय १६ वॉल्व्हचं. १६ वॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मधोमध असल्याने मिश्रण लवकर जळतं, त्याला ठिणगी आधी पाडायचा अ‍ॅडव्हान्स कमी लागतो. तो ईसीयू ८ वॉल्व्हच्या इंजिनावर चढवला की ठिणगी साधारणपणे उशिरा पडते. पेट्रोलचे ट्रिम, म्हणजे ती टक्केवारीची दुरुस्ती, स्कॅनरवर ठाकठीक दिसतात, पण चढावर दम निघत नाही आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालेलाल होतो.

ऑटोट्यूनची गोष्ट वेगळी नाही. तो फक्त पेट्रोलचा मुख्य तक्ता सुधारतो, तोही गरम इंजिनावर. चोकचा तक्ता, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा तक्ता, टायमिंग, यांना तो हात लावत नाही. थंड इंजिनावर चालू ठेवला तर असलेला तक्ताही बिघडवतो. कूलंट ७० अंशांच्या वर आणि पाय स्थिर, असे फिल्टर लावल्याशिवाय तो सुरू करू नका.

म्हणून निवड सोपी आहे. १६ वॉल्व्हचं पूर्ण इंजिन घालणार असाल तर कंपनीचाच ईसीयू घ्या, दुसरा विचार नको. फक्त संच पूर्ण हवा: ईसीयू, त्याचं न कापलेलं वायरिंग, थ्रॉटल बॉडी, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, इंजेक्टर, फ्युएल रेग्युलेटर, कॉइल, आणि इमोबिलायझर असलेल्या गाडीचा संच असेल तर तिची चावी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कप्लरपासून चार इंच वायर ठेवून कापलेला ईसीयू स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका, साठ-सत्तर वायरी जोडण्यात जो वेळ जातो त्यात दुसरा संच येतो. स्पीड सेन्सरची वायरही जोडा, नाहीतर काही ईसीयू आयडलिंग नीट सांभाळत नाहीत. रेग्युलेटर दुसरा लावू नका. पेट्रोलचा दाब ३ बारच्या जागी ४ बार झाला की पेट्रोल १५ टक्क्यांनी वाढतं.

जुनंच ८ वॉल्व्हचं इंजिन ठेवायचं असेल, कॅम बदलला असेल, टर्बो लावायचा असेल, तर आफ्टरमार्केटच. तिथे कामाचा क्रम पाळा. आधी ट्रिगर, म्हणजे क्रँकची स्थिती सांगणारी चकती आणि सेन्सर. ३६-१ किंवा ६०-२ ची (३६ दातांतला एक किंवा ६० तले दोन गाळलेली) चकती लावा, सेन्सर दोन वायरींचा व्हीआर (चुंबकीय) असेल तर पोलॅरिटी तपासा. उलटी लागली तर टायमिंग आरपीएमबरोबर सरकतं. मग सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद करा, टायमिंग लाइट लावा आणि पुलीवरची खूण आयडलिंगला बघा, ४,००० आरपीएमला पुन्हा बघा. खूण हलली तर पुढे जाऊ नका. ही पायरी गाळून सुरू केलेलं ट्यूनिंग रद्दीत टाकण्याच्या लायकीचं असतं, कारण स्क्रीनवरचे २८ अंश इंजिनात ३५ असू शकतात. यानंतर इंजेक्टरचा डेड टाइम, मग वाइडबँड लावून पेट्रोलचा तक्ता, शेवटी थंड स्टार्ट. थंड स्टार्टला सगळ्यात जास्त दिवस लागतात. इंजिन पूर्ण गार व्हायला सात-आठ तास जातात, म्हणजे दिवसाला खरा प्रयोग एकच. ‘एका दिवसात ट्यून करून देतो’ म्हणणाऱ्याने जानेवारीतली सकाळ बघितलेली नसते.

लोड मोजायला मॅप सेन्सर वापरा. नुसत्या थ्रॉटलच्या कोनावर चालवलं आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती दिली नाही तर मुंबईत नीट चालणारी गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, काळा धूर सोडते.

आणि मिश्रण लॅम्डात बोला, हवा-पेट्रोलच्या १४.७ सारख्या प्रमाणात नको. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा समतोल साधारण १३.५ ला येतो. वाइडबँडचं मीटर तरीही १४.७ दाखवतं, कारण ते लॅम्डा १ ला १४.७ ने गुणतं. तो आकडा बघून ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणत आणखी ओतणारे कमी नाहीत. शुद्ध पेट्रोलवर भरलेल्या तक्त्याला ई२० वर इंजेक्टर सात-आठ टक्के जास्त वेळ उघडावा लागतो, हे मात्र खरं. कंपनीचा ईसीयू ते ट्रिममध्ये भरून काढतो, फुल थ्रॉटलला मात्र काढेलच असं नाही.

सेन्सरच्या वायरीत घुसवायचे पिगीबॅक डबे कंपनीचा आणि आफ्टरमार्केट, या दोन्हींत बसत नाहीत. आरामाच्या वेगात ते पेट्रोल वाढवतात, ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून तेवढंच कमी करतो. दोघांची रस्सीखेच, पैसे तुमचे.

डबा कुठलाही असो, पंप थेट इग्निशनच्या चावीवर जोडू नका. रिले ईसीयूकडून चालवा, म्हणजे इंजिन बंद पडताच दोन सेकंदांत पंप थांबतो. कार्ब्युरेटरचा पंप पाव बारच्या आसपास दाब द्यायचा, इथे ३ बार आहेत. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप त्याला टिकत नाही. इंजेक्शनचाच पाइप घ्या. ईसीयूचं आणि सेन्सरचं अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकवर एकाच बोल्टला द्या, बॉडीवर नको.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. १६ वॉल्व्हचं इंजिन घालायचं तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागेल. तो चढेल का हे इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, आणि भंगारवाल्याकडे त्या इंजिनाचे कागद नसतील तर ते तिथेच राहू द्या.