व्हीलचेअर क्रीडापटूंचे ऊर्ध्वांगी स्नायुबल

व्हीलचेअरवर बसून खेळणाऱ्या क्रीडापटूच्या खांदा, दंड, हात, छाती आणि पाठीचा वरचा भाग यांतील स्नायूंची जोर लावण्याची क्षमता. एका आकुंचनात लावता येणारा जास्तीत जास्त जोर म्हणजे बल. तोच जोर किती झटपट लावता येतो ती शक्ती. शर्यतीत व मैदानावर शक्तीला अधिक महत्त्व असले, तरी तिचा पाया बलाचाच असतो. काही लेखक धडाचे स्नायू या संज्ञेतून वगळतात. व्हीलचेअरच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

व्हीलचेअर खेळांचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मानला जातो. तेथे १९४४ मध्ये डॉक्टर लुडविग गुटमन यांच्या हाताखाली मज्जारज्जूच्या दुखापतींचा विभाग सुरू झाला आणि २९ जुलै १९४८ रोजी १६ खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा झाली. अमेरिकेतही युद्धातून जखमी होऊन परतलेले सैनिक त्याच सुमारास, बहुधा १९४५–४६ पासून, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळू लागले होते. त्यामुळे उगमाचा मान एकाच ठिकाणाला देणे कठीण आहे. स्नायुबलाच्या दृष्टीने मात्र स्टोक मँडेव्हिलच्या परंपरेला अग्रक्रम देणे योग्य वाटते, कारण तेथे खेळ हा उपचाराचाच भाग होता. धनुष्य ओढताना खांद्याचे व पाठीचे स्नायू बळकट होतात आणि बसण्याचा तोल सुधारतो, म्हणून गुटमन यांनी तिरंदाजीवर भर दिला होता. पुढे १९६० मध्ये रोम येथे ज्या स्पर्धा झाल्या, त्यांना आज पहिली पॅरालिंपिक मानतात.

तंत्रिकांची पातळी आणि उपलब्ध स्नायू. मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूचे बल प्रथमतः इजेच्या पातळीवर ठरते, सरावावर नंतर. मानेतील पाचव्या तंत्रिकेची (मज्जातंतूची) पातळी (सी ५) शाबूत असेल तर डेल्टॉइड (खांद्यावरचा स्नायू) व बायसेप्स (कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू) काम करतात. सी ६ मुळे मनगट वर उचलता येते, सी ७ मुळे ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा स्नायू) मिळतो, तर सी ८ मुळे बोटे मिटता येतात. म्हणजे एकाच तंत्रिकेच्या फरकाने कोपर सरळ करण्याची ताकद असते किंवा नसते. व्हीलचेअर रग्बी हा खेळ १९७६–७७ च्या सुमारास कॅनडातील विनिपेग येथे चारही अवयवांत दुर्बलता असलेल्या खेळाडूंसाठी निघाला. त्यात हे जवळून पाहता येते. ट्रायसेप्स नसलेला खेळाडू पुशरिम, म्हणजे चाक ढकलण्यासाठी त्याला जोडलेली कडी, मुठीत धरत नाही. हातमोजा घातलेला तळवा दोन्ही बाजूंनी चाकावर दाबून, दंड आणि छातीच्या जोरावर तो खुर्ची पुढे नेतो. हात टेकून शरीर उचलायचे असेल तर तो खांदा बाहेरच्या बाजूला वळवतो आणि कोपर सरळ करून अडकवून ठेवतो. या खेळात खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार ०·५ ते ३·५ गुण दिले जातात आणि मैदानावरील चौघांची बेरीज सर्वसाधारणपणे ८ च्या वर जाऊ देत नाहीत. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये हीच श्रेणी १ ते ४·५ असून पाच जणांची मर्यादा १४ गुणांची आहे.

छातीच्या पातळीवर इजा झालेल्यांचे हात पूर्ण सक्षम असतात, पण पोटाचे आणि पाठीच्या खालच्या भागाचे स्नायू साथ देत नाहीत. येथे लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या रुंद स्नायूचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. त्याची तंत्रिका मानेतून (सी ६ ते सी ८) येते, पण त्याचा उगम थेट कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला असतो. त्यामुळे इजा छातीत असली तरी हा स्नायू तिला ओलांडून जिवंत राहतो आणि धडाला ओटीपोटाशी बांधून ठेवतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९० च्या दशकात अशा व्यक्तींच्या स्नायूंची विद्युत् नोंद घेतली, तेव्हा बसल्याजागी तोल सांभाळण्यासाठी लॅटिसिमस डॉर्साय व ट्रॅपिझियस (मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला) हे स्नायू वापरले जात असल्याचे दिसले. हाताचा म्हणून गणला जाणारा स्नायू येथे धडाचे काम करतो. चेंडू फेकताना त्याला दोन्ही कामे एकदम करावी लागतात. खुर्चीचे पट्टे घट्ट बांधल्याने फेक सुधारते ती यामुळेच.

ढकल आणि परत. चाक ढकलण्याच्या क्रियेचे दोन भाग पडतात. ढकलताना पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा स्नायू), डेल्टॉइडचा पुढचा भाग, बायसेप्स व ट्रायसेप्स जोर लावतात. हात परत मागे नेताना डेल्टॉइडचा मधला व मागचा भाग, सुप्रास्पायनेटस (खांद्याच्या पात्यावरचा छोटा स्नायू) आणि ट्रॅपिझियस राबतात. शर्यतीच्या खुर्चीत पुशरिम लहान असते आणि खेळाडू पुढे झुकून गुडघ्यांवर बसलेला असतो. तो रिम पकडत नाही. कडक हातमोज्याच्या अंगठ्याकडच्या बाजूने तो रिमवर ठोसा दिल्यासारखा आदळतो, रिमला चिकटून हात खाली नेतो आणि तळाशी झटका देऊन सोडतो. वेग वाढला की हात रिमला टेकण्याचा अवधी कमी होत जातो आणि एवढ्या थोड्या वेळात जोर उभा करणे हीच खरी कसोटी ठरते.

खांद्याचा असमतोल. या विषयावरील सर्वांत मोठा वाद खांदेदुखीच्या कारणाचा आहे. संशोधक रॉबर्ट बर्नहॅम व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले, की व्हीलचेअर खेळाडूंचे खांदे एकंदरीत सशक्त असतात, पण दुखणाऱ्या खांद्यात हात शरीराकडे ओढणारे आणि दंड आत-बाहेर फिरवणारे स्नायू तुलनेने दुबळे असतात. यांतील दंड फिरवणारे, रोटेटर कफ या गटाचे स्नायू दंडाच्या हाडाचे डोके उथळ खोबणीत खाली धरून ठेवतात. ते कमी पडले की डेल्टॉइड ते डोके वर खेचतो आणि डोके व वरचे हाड यांच्यामधला स्नायुबंध चिमटतो. या मतानुसार दोष बलाच्या अभावाचा नसून विषम वाटणीचा आहे. दुसरे मत असे, की दुखणे मुळात अतिवापराचे असते आणि असमतोल हा त्याचा परिणाम असतो; दुखऱ्या खांद्याने कोणीही पूर्ण जोर लावत नाही. एकाच वेळी केलेल्या मोजणीवरून कारण व परिणाम वेगळे करता येत नाहीत, हा या मताचा आक्षेप रास्त आहे. तरीही बर्नहॅम यांचे विवेचन अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यातून व्यायामाची दिशा मिळते.

खेळाने खांदा बिघडतो की वाचतो, हाही प्रश्न याला जोडलेला आहे. २००३ मधील एका तुलनेत न खेळणाऱ्या व्हीलचेअर वापरकर्त्यांत खांदेदुखीची शक्यता खेळाडूंच्या सुमारे दुप्पट आढळली. उलट २०१५ मधील चुंबकीय प्रतिमांच्या (एमआरआय) अभ्यासात, डोक्यावरून हात न्यावा लागणारे खेळ खेळणाऱ्यांत रोटेटर कफ फाटण्याचे प्रमाण अधिक दिसले. या दोन निष्कर्षांत विरोध असलाच पाहिजे असे नाही: एक वेदना मोजतो, दुसरा ऊतींची झीज. सर्व खेळ एका मापाने मोजणे मात्र चुकीचे ठरेल.

मापन. हाताने विरोध करून ० ते ५ अशी श्रेणी देण्याची पद्धत रुग्णालयात चालते. खेळाडूंसाठी ती फार ढोबळ आहे, कारण बहुतेकांना ५ च मिळतात. त्यामुळे डायनॅमोमीटर (जोर मोजणारे यंत्र), संवेदक बसवलेले चाक, ३० सेकंदांची हातपेडल चाचणी आणि मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक यांचा अवलंब होतो. वेदनेसाठी संशोधक कॅथलीन कर्टिस यांनी १९९५ मध्ये मांडलेली १५ प्रश्नांची सूची रूढ आहे.

बेंच प्रेसमधील (बाकावर पडून वजन वर ढकलण्याच्या व्यायामातील) आकड्यांना जास्त महत्त्व देऊ नये. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये इराणच्या सियामंद रहमानने २०१६ मध्ये रिओ येथे ३१० किग्रॅ. उचलले, ते या क्रीडाप्रकारातील शिखर होय. पण तेथे पाठ बाकावर टेकलेली असते आणि खांद्याच्या पात्यांना आधार मिळतो. खुर्चीत हा आधार स्वतःच्या स्नायूंनीच उभा करावा लागतो.

संवर्धन. चाक ढकलून छातीचे स्नायू आपोआप वाढतात, म्हणून व्यायामशाळेत ओढण्याच्या व्यायामांवर भर देतात: वल्हे मारण्यासारखी ओढ, पाती मागे जुळवणे, रबरी पट्ट्याने दंड बाहेर फिरवणे आणि छातीच्या स्नायूंना ताण देणे. उपलब्ध संशोधन मुख्यतः मज्जारज्जूची इजा झालेल्या पुरुषांवरचे आहे. स्त्रिया, मुले आणि पाय कापलेले खेळाडू यांच्यासाठी तेच नियम सावधपणे लावले जातात.

विश्रांतीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. धावपटूचा गुडघा दुखावला तर तो कुबड्या घेतो. व्हीलचेअर खेळाडूचा खांदाच त्याचा पाय असतो: सराव थांबवला तरी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत जाताना तोच खांदा सगळे वजन उचलतो. म्हणून जाणते प्रशिक्षक दुखापतीच्या काळात सरावाइतकाच दिवसभरातील या उचलण्यांचा हिशेब ठेवतात आणि शक्य तेथे घसरफळीचा (खुर्चीतून सरकत जाण्यासाठीच्या फळीचा) वापर करायला लावतात.