साधा मटार कोवळा तोडला म्हणजे स्नो पी होत नाही

स्नो पी म्हणजे सालीसकट खायचा, चपट्या शेंगेचा मटार. त्यासाठी ‘वेगळं बी कशाला, नेहमीचा मटार कोवळा तोडा’ हा सल्ला चुकीचा आहे. साध्या मटाराच्या सालीला आतून चिवट पापुद्रा असतो. शेंग धरल्यावर थोड्याच दिवसांत तो तयार होतो, म्हणून कोवळी तोडली तरी भाजीत चोथा लागतो. स्नो पीमध्ये तो जवळजवळ नसतोच. हा गुण आनुवंशिक आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने मटारात अभ्यासलेला शेंगेच्या आकाराचा फरक (फुगीर की दाण्यांमध्ये आवळलेली) याच पापुद्र्याचा!

म्हणून बी स्नो पीचंच घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ३ सेंमी खोल, ५-७ सेंमी अंतरावर टोका. वेलाला दीड मीटर जाळी हवी. युरिया टाळा, नुसता पाला माजतो. फूल गळल्यावर साधारण आठवड्यात, दाणे फुगण्याआधी, शेंगा चपट्या असतानाच दिवसाआड तोडा. कडेची शीर मात्र काढावी लागते.