तानूरचा आदेश: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

७ मे २०२३, रविवार. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि २२ जण बुडाले. त्यांत लहान मुलं बरीच होती. केरळ उच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण दाखल करून घेतलं. न्या. देवन रामचंद्रन आणि न्या. शोभा अन्नम्मा ईपन यांच्या खंडपीठाने त्याच आठवड्यात अंतरिम निर्देश दिले: बोटीत किती माणसं चालतात तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लिहा, त्यावर एकही माणूस घेऊ नका, लाइफ जॅकेट द्या. इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, याचा संताप येतो.

कारण बोटीत खच्चून माणसं भरण्याचं दुखणं तिथं जुनं आहे. जानेवारी १९२४ मध्ये पल्लना इथे अशीच भरलेली बोट बुडाली आणि महाकवी कुमारन आशान गेले. जुलै २००२ मध्ये मुहम्माहून कुमरकमला निघालेली बोट वेंबनाड सरोवरात बुडाली, २९ बळी. ती सरकारी जलवाहतूक खात्याची होती आणि तिच्यात नोकरीच्या परीक्षेला निघालेले उमेदवार होते. फेब्रुवारी २००७ मध्ये तट्टेक्काडला शाळेच्या सहलीतली १५ मुलं आणि ३ शिक्षक.

सप्टेंबर २००९ ची तेक्कडीची दुर्घटना सर्वांत मोठी: ४५ मृत्यू. ‘जलकन्यका’ ही पर्यटन महामंडळाची दुमजली बोट. काठावर जंगली जनावरं दिसली, प्रवासी एका अंगाला धावले आणि बोट कलंडली. वरच्या मजल्यावर वजन वाढलं की बोटीचा तोल किती नाजूक होतो, हे तेव्हाच कळलं होतं. तरीही तानूरची बोट मूळची मासेमारीची; तिच्यात फेरफार करून वर माणसं बसवली होती, आणि २२ जणांची क्षमता असलेल्या बोटीत तिशीच्या वर प्रवासी होते.

कायदा नव्हता असं मुळीच नाही. इंग्रजांच्या काळातला १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा होता. त्यात नोंदणी, तपासणी, सारंगाचं (बोट चालवणाऱ्याचं) प्रमाणपत्र, सगळं होतं. त्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला. कुमरकमनंतर न्या. नारायण कुरूप आयोगही नेमला होता. धक्क्यावर उभं राहून माणसं मोजणारा मात्र कुणी नव्हता, आणि खंडपीठाने बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. तानूरच्या चौकशीसाठी राज्य सरकारने पुढे न्या. व्ही. के. मोहनन आयोग नेमला.