टू-स्ट्रोकची खालची ओढ : पोर्ट, पाइप आणि रीडमागचा इतिहास

वाळपई सोडून चोर्ला घाटाची चढण लागली आणि मागे माणूस बसलेला असला, की यामाहा आरएक्स १०० चा खरा कस लागतो. मूळ सायलेन्सरवरची गाडी तिसऱ्या गिअरवर ओढत राहते. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) घासून रेसिंगचा चेंबर, म्हणजे पोटाशी फुगीर एग्झॉस्ट पाइप, बसवलेली गाडी त्याच वळणावर गुरगुरते, दुसऱ्यावर घ्यावी लागते आणि मग एकदम उसळते. इंजिन दोन्हींचे तेच टू-स्ट्रोक, ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव). फरक आहे तो ताकद कोणत्या आरपीएमवर बसवली याचा. टू-स्ट्रोक एटीव्हीचेही (आडरस्त्यांवरच्या चारचाकी बाइकचेही) दुखणे हेच, कमी आरपीएमवरची म्हणजे खालची ओढ कमी पडणे, फक्त तिथे वजन आणि रुंद टायर यांमुळे ते जास्त जाणवते. हे दुखणे आले कुठून, ते कळले की उपाय आपोआप दिसू लागतो.

१८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ डे यांनी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्येच हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबून वर पाठवण्याची रचना केली. त्यांच्याकडच्या फ्रेडरिक कॉक यांनी पिस्टनच्या स्कर्टनेच (खालच्या कडेने) मिश्रण आत घेणारे इनलेट उघडायची युक्ती जोडली आणि तीन पोर्टांचे साधे इंजिन तयार झाले. त्यात एक खोट राहिली. पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या जितके अंश आधी इनलेट उघडतो, तितकेच अंश नंतर बंद करतो. कमी आरपीएमला खाली येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण कार्ब्युरेटरमधून परत बाहेर ढकलतो. जुन्या पिस्टन-पोर्ट गाड्यांच्या एअर फिल्टरवर तेलाचा ओलावा दिसतो, तो याचाच.

१९२० च्या दशकात जर्मनीत आडोल्फ श्नुर्ले यांनी ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणारे) मागच्या भिंतीकडे तिरपे वळवले. ताजे मिश्रण वळसा घेऊन वर जाऊ लागले आणि सपाट माथ्याचा पिस्टन वापरता आला. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने ही पद्धत मोटरसायकलींत रुजवली.

पुढची उडी पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी मारली. एग्झॉस्ट उघडताच दाबाची लाट पाइपमध्ये धावते. पाइप पुढे रुंदावला तर मागे ओढ लागते. नंतर निमुळता झाला तर लाट उलटून येते आणि बाहेर निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी पुन्हा सिलिंडरात कोंबते. या बळावर १२५ सीसीच्या इंजिनातून त्यांनी १९६१ पर्यंत २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, तीनच महिने आधी, त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे निसटला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. १९६२ चे ५० सीसीचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीवरच मिळवले. पुढची सगळी धाव वरच्या आरपीएमची होती. शर्यत तिथेच जिंकली जाते. घाट आणि चिखल तिथे नसतात.

खालच्या ओढीचा विचार यामाहाने दोन टप्प्यांत केला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रीड व्हॉल्व्ह आला. पातळ पात्यांची ही एकेरी झडप मिश्रण मागे जाऊ देत नाही, म्हणून कॉकच्या रचनेतली खोट भरून निघाली. त्याला त्यांनी ‘टॉर्क इंडक्शन’ हे नाव दिले, आणि १९८५ साली भारतात आलेल्या आरएक्स १०० मध्ये तेच आहे. दुसरा टप्पा वायपीव्हीएस, म्हणजे यामाहाचा पॉवर व्हॉल्व्ह. यात एग्झॉस्ट पोर्टची वरची कड कमी आरपीएमला खाली आणि जास्त आरपीएमला वर सरकते.

१९८७ ची बॅन्शी ही यामाहाची एटीव्ही या वळणावरची चुटपुट लावणारी गाडी. ३४७ सीसी, ६४ बाय ५४ चे दोन सिलिंडर, २६ मिलिमीटरचे दोन कार्ब्युरेटर. इंजिन रस्त्यावरच्या आरडी ३५० एलसीच्या घराण्यातले, पण पॉवर व्हॉल्व्ह काढून टाकलेला. पोर्टची उंची कायमची ठरलेली, म्हणून तिच्या मालकांना खाली किंवा वर, एकच बाजू निवडावी लागते. आपल्याकडे १९८३ ची राजदूत ३५० एचटी (हाय टॉर्क) आणि एलटी (लो टॉर्क) अशा दोन रूपांत आली, ३०.५ आणि २७ अश्वशक्तीच्या.

आता हातातल्या कामाकडे. क्रँकच्या एका फेरीत एग्झॉस्ट किती अंश उघडा राहतो, हे पहिले मोजावे, आणि ते क्रँकवर डिग्रीची चकती लावून; अंदाजाने नव्हे. खालच्या-मधल्या ओढीसाठी १८० ते १८६ अंश चांगले. मोटोक्रॉसची इंजिने १९० च्या पुढे जातात. आरएक्सच्या ५० मिलिमीटर स्ट्रोकवर पोर्टची कड १ मिलिमीटर वर घासली, की साधारण साडेचार अंश वाढतात. घासलेले लोखंड परत येत नाही. तरी सिलिंडर फेकू नये. खालचे गॅस्केट पातळ केले तर सगळे पोर्ट खाली येतात आणि काही अंश परत मिळतात. मात्र तेवढाच स्क्विश, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि हेड यांमधली फट, कमी होतो. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना घालून इंजिन हाताने फिरवावे आणि चेपलेली तार मोजावी. एअर-कूल्ड इंजिनाला १ ते १.२ मिलिमीटर ठेवावे. त्याहून कमी आले तर हेड लेथवर घ्यावे लागते, नाहीतर चढणीवर नॉकिंग ऐकू येईल आणि पिस्टनची कड खाल्ली जाईल.

पाइपची लांबी हिशेबाने निघते. एग्झॉस्टचे अंश गुणिले ५१८ (लाटेचा वेग, सेकंदाला मीटर), भागिले आरपीएमच्या बारापट. उत्तर मीटरमध्ये, पिस्टनपासून मागच्या निमुळत्या भागाच्या मध्यापर्यंत. १८० अंश आणि ७,००० आरपीएमला १.११ मीटर येते. १९५ अंश आणि ९,००० ला जेमतेम ९४ सेंटिमीटर. शर्यतीचा आखूड पाइप आरएक्सवर खाली का मरतो, ते या दोन आकड्यांत आहे. तिची मूळ ११ अश्वशक्ती ७,५०० ला येते आणि टॉर्कचे शिखर त्याआधी, ६,५०० ला. पाइपचा मागचा निमुळता भाग उताराने सौम्य असला तर ओढ रुंद पट्ट्यात पसरते. शेवटची नळी मात्र आवाजासाठी बारीक करू नये. उष्णता कोंडते आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरात अडकतो.

रीडची पाती खालच्या ओढीसाठी पातळ आणि मऊ हवीत, कारण कमी आरपीएमला क्रँककेसची ओढ क्षीण असते. पाती उजेडाकडे धरून फट दिसली किंवा टोक झिजलेले दिसले तर बदलावीत. मोठा कार्ब्युरेटर लावणे ही सर्रास होणारी चूक. हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उडत नाही आणि अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळते. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, मागच्या सुमारे तीन दातांइतका. सिलिंडर उघडण्याआधी तोच करून पाहावा.

जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा (जेटचा) आकार जुळवणे, करण्याआधी क्रँकची ऑइल सील तपासावीत. इनलेट आणि एग्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरावी. सहा मिनिटे टिकली पाहिजे. गोव्यात गाड्या पावसात महिनोन्‌महिने उभ्या राहतात, सील कडक होतात, तिथून हवा शिरते आणि जेट कितीही बदलला तरी मिश्रण पातळच (हवा जास्त, पेट्रोल कमी) राहते. ई-२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) तेवढ्याच हवेसाठी सुमारे ७-८ टक्के जास्त इंधन लागते, म्हणून जुन्या आकड्यावरचा मेन जेट आज लहान पडतो. उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल ओल शोषून थर धरते. पावसाआधी टाकी रिकामी करावी.

चोर्ल्याच्या माथ्यावर, सुमारे ८०० मीटरला, हवा विरळ होऊन मिश्रणात पेट्रोल जास्त ठरते आणि गाडी किंचित जड वाजते. तिथे जेट लहान करून खाली उतरलात तर समुद्राच्या पातळीवर इंजिन सीझ होईल, म्हणून सेटिंग नेहमी खालच्या हवेवर करावे. आणि जूनच्या दमट उकाड्यात जुळवलेला जेट डिसेंबरच्या सकाळी, सत्तरी तालुक्याच्या गारव्यात, पुन्हा प्लग काढून पाहावा. तेव्हा हवा दाट असते. प्लगवर तपकिरीऐवजी पांढुरका रंग दिसला तर जेट एक नंबर वाढवायचा.