‘क्रॉस रोड्स’वरची बंदी आणि कलम १९(२)

फेसबुकवरच्या एखाद्या पोस्टवरून कुणाला अटक झाली की ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण हमखास पुढे केले जाते. २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या राज्यघटनेत मात्र भाषणस्वातंत्र्याला मर्यादा घालणारे हे कारण नव्हतेच. अब्रूनुकसानी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता-नीतिमत्ता आणि राज्याची सुरक्षितता, एवढ्यापुरतेच या मर्यादा सांगणारे कलम १९(२) होते. मसुद्यात आधी ‘राजद्रोह’ही होता. कन्हैयालाल मुनशी यांच्या दुरुस्तीने तो वगळला गेला. याच आरोपाखाली टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती. संविधान सभेतले कितीतरी सदस्य स्वतः तुरुंग भोगून आलेले होते. त्यांनी तो शब्द ठेवला असता तरच नवल.

राज्यघटना लागू होऊन जेमतेम महिना उलटला, तोच मार्च १९५० मध्ये मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे रोजी निकाल लागला. न्या. पतंजली शास्त्री यांनी बहुमताच्या निकालात भेद केला तो असा: गावातली मारामारी, रस्त्यावरचा गोंधळ याने सुव्यवस्था बिघडते, पण म्हणून राज्य उलथत नाही. राज्यघटनेने सूट दिली आहे ती राज्याच्या सुरक्षिततेसाठी. त्यामुळे ज्याच्या आधारे ही बंदी घातली होती, ते त्याहून व्यापक अधिकार देणारे मद्रासच्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातले कलमच अवैध ठरले. बंदी उठली.

वर्षभरात सरकारने राज्यघटनाच बदलली. जून १९५१ मधल्या पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, अपराधास चिथावणी आणि परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध ही तीन कारणे वाढवली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे ती पहिल्यापासूनच होती असे मानून. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. हंगामी संसदेने एवढा मोठा बदल करावा, हे मला आजही पटत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जींनी सभागृहात कडाडून विरोध केला. दुरुस्तीची कायदेशीर बाजू कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी मांडली.

पण याच दुरुस्तीत निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही १९(२) मध्ये आली. निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासणार, म्हणून नागरिकाच्या हाती काहीतरी उरले. त्याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल लिहिलेल्या फेसबुक पोस्टवरून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती, दुसरीने ‘लाइक’ केली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवरून आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम, संपूर्ण रद्द केले. कुणाला चीड आली, गैरसोय झाली, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असे होत नाही, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले.