बगलेतून येणारा चेंडू आणि बचावपटूची मान

फुटबॉलच्या मैदानावर गोल मारण्यासाठी सर्वांत गैरसोयीची जागा कोणती, असे विचारले तर भूमिती एकच उत्तर देते: मैदानाची कड. दोन गोलखांबांमधले अंतर 7.32 मीटर असते. गोलरेषेपासून 11 मीटरवरच्या पेनल्टीच्या ठिपक्यावरून पाहिले तर या दोन खांबांमध्ये सुमारे 37 अंशांचा कोन होतो. पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्यावर गेले की तो जेमतेम 10 अंश उरतो, तिथून सरळ टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या कडेपर्यंत, सरकले तर 5 अंश, आणि गोलरेषेवर पोहोचले की शून्य. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात, हे दहावीत घोकलेले प्रमेय इथे उपयोगी पडते. ज्या जागांवरून गोल सारखाच रुंद दिसतो त्या सर्व जागा दोन्ही खांबांतून जाणाऱ्या एकाच वर्तुळाच्या कंसावर असतात, आणि बगलेकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याकडे, सरकणे म्हणजे अधिकाधिक मोठ्या वर्तुळावर, म्हणून अधिकाधिक लहान कोनात, जाणे.

तरीही चांगले संघ चेंडू मुद्दाम तिकडेच नेतात. याचे एक कारण रुंदीचे आहे. आंतरराष्ट्रीय मैदान साधारणपणे 68 मीटर रुंद असते, आणि चार बचावपटू एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर उभे राहिले तरी त्यांची फळी 30 मीटरच अडवते. चेंडू बगलेत गेला की सगळी फळी तिकडे सरकते आणि पलीकडची बाजू उघडी पडते. पण माझ्या मते हे कारण दुय्यम आहे. खरी गोष्ट बचावपटूच्या डोळ्यांत घडते.

माणसाला अतिशय स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा असतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे 2 अंशांचा. दोन्ही डोळे मिळून 180 अंशांच्या आसपास परिसर टिपतात खरे, पण कडेच्या भागात केवळ हालचाल जाणवते. कोण आले, किती वेगाने आले, हे कळत नाही. आक्रमण मधून येते तेव्हा चेंडू आणि प्रतिस्पर्धी दोघेही बचावपटूच्या समोर असतात. चेंडू उजव्या बगलेत गोलरेषेजवळ पोहोचला की मात्र त्याला मान तिकडे वळवावी लागते आणि दूरच्या खांबाकडे धावणारा आघाडीपटू त्याच्या पाठीमागे जातो. ठाण्यात घोडबंदर रस्ता पायी ओलांडणाऱ्याला हा अनुभव नवा नाही: नजर उजवीकडच्या ट्रकवर खिळलेली असते आणि नेमकी तेव्हाच डावीकडून उलट दिशेने एखादी दुचाकी अंगावर येते. पादचारी निदान थांबू शकतो, बचावपटूला तीही सवलत नाही. 25 मीटरवरून ताशी 72 किलोमीटर वेगाने आलेला क्रॉस, म्हणजे बगलेतून गोलसमोर मारलेला चेंडू, सव्वा सेकंदात पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात सेकंदाला 7 मीटर धावणारा आघाडीपटू जवळपास 9 मीटर पुढे येतो. मान वळवून परत आणण्यात गेलेला अर्धा सेकंद म्हणजे साडेतीन मीटरांची मोकळीक. गोलनंतर समालोचक हेडरचे, म्हणजे डोक्याने मारलेल्या फटक्याचे, कौतुक करतात. मानेच्या त्या चुकलेल्या वळणाबद्दल क्वचितच कोणी बोलते.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 6 फेब्रुवारी 2022 रोजी महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला 0–2 असा पिछाडीवर असलेल्या चीनने दक्षिण कोरियावर 3–2 असा विजय मिळवला, आणि त्यातला बरोबरी साधणारा गोल बगलेतून आलेल्या क्रॉसवर झांग लिनयानने हेडरने केला होता.

क्रॉस वळतो कसा, हे थोडक्यात सांगता येईल. फिरत्या चेंडूभोवतीची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू तिच्या उलट दिशेला झुकतो. हा परिणाम 1852 मध्ये स्पष्ट करणाऱ्या गुस्टाफ माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. डाव्या बगलेतून उजव्या पायाच्या आतल्या भागाने मारलेला चेंडू गोलकडे वळतो, तर डाव्या पायाने मारलेला गोलरक्षकापासून दूर जातो.

उंच क्रॉस म्हणजेच बगलेतले आक्रमण, असा समज मात्र खरा नाही. 9 फेब्रुवारी 2014 रोजी मँचेस्टर युनायटेडने स्वतःच्या मैदानावर फुलहॅमविरुद्ध 80 हून अधिक क्रॉस दिले आणि सामना 2–2 असा बरोबरीत सुटला. उंच चेंडू हवेत फार काळ राहतो, त्यामुळे गोलरक्षकाला पुढे येण्याची आणि बचावपटूंना जागा घेण्याची संधी मिळते. एकामागून एक तसेच क्रॉस येत राहिले तर मान कधी वळवायची हेही त्यांना पाठ होते. त्यापेक्षा गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू जमिनीलगत मागे पेनल्टीच्या ठिपक्याकडे देणे, म्हणजे कटबॅक, अधिक घातक ठरतो. शून्य अंशांच्या जागेवरून चेंडू 37 अंशांच्या जागेवर येतो. स्वतःच्या गोलकडे वेगाने धावत सुटलेल्या बचावपटूंना जडत्वामुळे चटकन थांबता येत नाही. शिवाय चेंडू मिळणारा खेळाडू चेंडूच्या मागे असल्यामुळे ऑफसाइडचा, म्हणजे चेंडूच्या आणि बचावपटूंच्या पुढे आधीच उभे असण्याच्या नियमभंगाचा, प्रश्नच उद्भवत नाही.

ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या भागांत संध्याकाळी तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर हीच चाल सतत दिसते, आणि त्याचे कारण डावपेचांत नसून बांधकामात आहे. डोक्यावर जाळी ताणलेली असल्यामुळे उंच क्रॉस वरच अडकतो, म्हणून मुले कोपऱ्यात शिरून चेंडू जमिनीवरून मागे ओढतात, तोही शिकवल्याशिवाय. याच मुलांना पुढे पूर्ण मापाच्या मैदानावर बचावाला उभे केले की कटबॅक त्यांना लवकर ओळखता येतो. चकवतो तो दूरच्या खांबाकडे जाणारा चेंडू, कारण डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूबरोबर मान फिरवण्याची वेळ त्यांच्यावर आलेलीच नसते.