बोर्ड ऑफ रिव्ह्यू (स्काउटिंग)

स्काउटला वरचा पुरस्कार द्यायच्या आधी मोठी माणसं त्याला समोर बसवून त्याच्याशी बोलतात, ती बैठक म्हणजे बोर्ड ऑफ रिव्ह्यू. हे नाव आणि ही पद्धत मूळ अमेरिकेतली. सोलापुरात नेटवर वाचून पालक विचारतात, "इंटरव्ह्यूला काय विचारत्यात ओ सर?" पण आपल्याकडचा प्रकार बराच वेगळा आहे, आणि गोंधळ तिथंच होतो.

अमेरिकेत सगळ्यात वरचा पुरस्कार ईगल स्काउट. पहिला ईगल आर्थर एल्ड्रेड, १९१२ साली झाला. त्यासाठी २१ मेरिट बॅज (एकेका विषयातलं काम शिकून मिळवलेले बिल्ले) आणि एक सेवा प्रकल्प लागतो, सगळं १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत उरकायचं, बोर्डाची बैठक मात्र वाढदिवसानंतर झाली तरी चालते. बोर्डात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ जण, सगळे २१ वर्षांचे किंवा त्यापुढचे. मुलाचे आईवडील बोर्डात नसतात आणि त्याचा स्काउटमास्तरही नसतो (हे बरंय, नाहीतर स्वतःच्याच पोराला कोण नापास करणार). महत्त्वाचं म्हणजे ही परत परीक्षा नव्हे, गाठ बांधून दाखव वगैरे तिथं विचारायचंच नसतं, कारण ते आधीच कुणीतरी तपासून सही केलेली असते. प्रकल्पात काय अडचणी आल्या, सोबतच्या पोरांना कामाला कसं लावलं, स्काउटचे नियम घरी-शाळेत कितपत पाळतो, असलं बोलणं होतं. ईगलसाठी निर्णय एकमतानं लागतो, एकानं जरी नाही म्हटलं तरी अडतं, आणि नकार आला तर मुलाला वर अपील करता येतं.

आता आपलं. भारत स्काउट्स अँड गाईड्स ही संस्था १९५० ची. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण. सुरुवातीच्या पायऱ्या शाळेतले स्काउट मास्तर किंवा गाईड कॅप्टनच तपासतात, पुढं बाहेरचे परीक्षक येतात, आणि राज्य व राष्ट्रपती पुरस्काराला चाचणी शिबिर असतं. तिथं परीक्षक खरंच परीक्षा घेतात. क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी बांध, प्रथमोपचारात हात मोडलाय तर झोळी कशी करशील, होकायंत्र वाच, तंबू उभा कर, शिवाय नियम, वचन, प्रार्थना, झेंडागीत तोंडपाठ पाहिजे, गणवेशाचा स्कार्फ नीट पाहिजे आणि तोंडी प्रश्न वेगळेच. म्हणजे अमेरिकन बोर्डात जे विचारत नाहीत तेच इथं आधी विचारतात!

दोन्हीकडं एक गोष्ट सारखी, ती म्हणजे केलेल्या कामाची नोंद. आपल्याकडं लॉगबुक. सोलापूरच्या पोरांकडं सेवेला जागा कमी नाही, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, आषाढीची पंढरपूरची वारीही आपल्याच जिल्ह्यात, गर्दीत पाणी देणं, चुकलेल्याला रस्ता दाखवणं ही कामं तिथं कधीही मिळतात. पण शिबिराच्या आदल्या रात्री एकाच पेनानं, एकाच अक्षरात वर्षभराच्या तारखा भरल्या की परीक्षकाला पान उलटतानाच कळतं, मग तो मुद्दाम त्यातलीच एखादी तारीख काढून विचारतो की त्या दिवशी नक्की काय केलंस, कुणासोबत होतास. ज्यानं खरंच काम केलंय तो तिथं मोकळेपणी बोलतो, बाकीचे मास्तरांकडं बघतात.